मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळ वेगळा का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे असून परभणीच्या एका शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले आहे. माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याने १४ मेचे जाण्याचे आणि जूनअखेरीचे परतीचे तिकीट काढून पाठवले आहे. विमान मुंबईहून रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता न्यूयॉर्कला पोचेल, असे त्यावर छापले आहे. परतीचे विमान दुपारी १२.३० ला निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबईत उतरते. म्हणजे जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस तास, हे कसे? मुलगा म्हणतो की जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास लागतात. मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधले अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसते आणि ते जाताना-येताना एकच असणार. शिवाय भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे का जाते, हेही उमगत नाही. मी पहिल्यांदाच आणि एकटी जात आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : तिकिटावरच्या वेळा बरोबर आहेत आणि आपला मुलगा सांगतो तेही बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात, हा सगळ्या घोळाचा उगम आहे. मे महिन्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. रात्री दीडला निघून सोळा तास उडाल्यावर परभणीत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील आणि त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. परत येताना तेच साडेनऊ तास उलट बाजूने मोजले जातात, म्हणून साडेचौदा तासांचा प्रवास कागदावर चोवीस तासांचा दिसतो.

वेळेचा फरक पाठ नसला तरी चालेल अशी एक युक्ती आहे. तिकिटावरचे जाण्याचे आणि येण्याचे घड्याळी तास सरळ मिळवा. आपल्या बाबतीत साडेसहा अधिक चोवीस म्हणजे साडेतीस तास होतात. जाताना जे साडेनऊ तास वजा झाले, तेच येताना मिळवले गेले, त्यामुळे बेरजेत ते आपोआप उडाले आणि हातात राहिले ते दोन्ही उड्डाणांचे खरे तास. सोळा आणि साडेचौदा यांची बेरीजही साडेतीसच येते. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. मेमध्ये जाऊन दिवाळीनंतर परतणाऱ्या प्रवाशाच्या बेरजेत त्यामुळे एक तास जास्त दिसतो. आपण जूनअखेर परतणार असल्याने आपल्याला ती अडचण नाही.

आता उत्तरेकडे जाण्याविषयी. मी अनेक वर्षे भूगोल शिकवला आणि या प्रश्नासाठी कपाटातला शाळेचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा यांच्याशिवाय मला कधी कशाची गरज पडली नाही. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवावे आणि दोरा ताणावा. मुले नेहमी तो आधी अरबस्तान, इजिप्त आणि अटलांटिकवरून आडवा धरत, कारण भिंतीवरच्या नकाशात तीच सरळ रेषा दिसते. पण दोरा थोडा जोर लावून ताणला, की तो बोटाखालून आपणहून वर उत्तरेकडे सरकतो आणि टोकाशी दोरा उरतो. तो जिथे स्थिर होतो, तो सर्वांत जवळचा मार्ग. मुंबईहून निघालेला हा दोरा कच्छच्या बाजूने पाकिस्तानात शिरतो, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तानवरून रशियात जातो, जवळजवळ मॉस्कोच्याच डोक्यावरून पुढे स्वीडन, नॉर्वे आणि आइसलँड गाठतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात उतरतो आणि तेथून न्यूयॉर्कला येतो. या वाटेवर तो ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर गेलेला असतो. या वाटेची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे, तर नकाशावरच्या ‘सरळ’ वाटेची सुमारे १४,२०० किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळची वाट कागदावर वाकडी दिसते. भूगोलाच्या पुस्तकात या वाटेला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात.

मोबाइलवर आपल्याला दिसलेले साडेबारा हजार हे या दोऱ्याचे अंतर आहे आणि विमान तंतोतंत त्या दोऱ्यावरून जवळजवळ कधीच जात नाही. दोरा ज्या देशांवरून जातो, त्यांची नावे पुन्हा एकदा वाचली तर पहिले कारण कळेल. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंद केली. तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. याआधी २०१९ मध्ये, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, अशीच वेळ आली होती. दुसरीकडे २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, पण भारतीय कंपन्यांना ते बंद झाले नाही. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या पडल्या आणि वेळाही. इराणच्या बाजूला युद्ध पेटले की तिसराच वळसा पडतो. जून २०२५ मध्ये तसे झालेही. म्हणून नातेवाइकांपैकी कोणी दोन-तीन वर्षांपूर्वी ‘मला पंधरा तास लागले होते’ असे सांगितले, तर ते खरे असूनही आपल्या उपयोगाचे नसते. आपण ज्या कंपनीने आणि ज्या महिन्यात जाणार, त्या वेळापत्रकातले तासच धरावेत.

जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास लागतात, याचे मुख्य कारण वारा आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली होती, पण आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि बाहेरच्या जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. एवढे महत्त्वाचे काम केवळ भाषेमुळे मागे राहिले, याची मला आजही हळहळ वाटते. गोदावरीला पूर आलेला असताना नाव प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहासोबत चालवण्यात जो फरक असतो, तोच येथे असतो. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असेल आणि समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचे अंतर ते ताशी ८०० किलोमीटरनेच कापते. तोच वारा पाठीशी असेल तर हजाराने. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचले होते, एरवी त्या प्रवासाला साडेसहा ते सात तास लागतात.

हा वारा जाताना जेवढा वेळ घेतो, तेवढा येताना परत देत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिशेबाला सोपे म्हणून १२,६०० किलोमीटरची वाट धरू. वारा नसेल तर ९०० च्या वेगाने जाताना चौदा आणि येताना चौदा, असे अठ्ठावीस तास लागतील. शंभराचा वारा धरला, तर जाताना पंधरा तास पंचेचाळीस मिनिटे आणि येताना बारा तास छत्तीस मिनिटे होतात. एकूण अठ्ठावीस तास एकवीस मिनिटे. मंद वेगाच्या वाटेवर आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून तोटा नेहमी थोडा वरचढ ठरतो. याच कारणाने विमान कंपन्या वारा रोजच्या रोज तपासून वाट ठरवतात. अटलांटिक महासागरावरच्या मुख्य वाटा तर दर दिवशी नव्याने आखल्या जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या वाटा वाऱ्याच्या पट्ट्यातून आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा तो पट्टा टाळून काढतात. लांबची वाट वेळेने जवळची ठरते, असे त्यामुळे खरोखर घडते. हिवाळ्यात हा वारा जास्त जोरात असल्याने जाण्या-येण्यातला फरकही वाढतो.

तिकिटावरच्या तासांमध्ये विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. धावपट्टीकडे जाण्याचा, रांगेत थांबण्याचा, वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ त्यात आला. अंतराला ९०० ने भागून आलेले उत्तर म्हणूनच नेहमी कमी भरते.

आता आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, आणि ती तारखेची आहे. १४ तारखेचे रात्री दीडचे विमान म्हणजे १३ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास विमानतळावर पोचायचे, १४ च्या रात्री नव्हे. आमच्या थोरल्या मावशींचे नेमके येथेच चुकले. तिकिटावर १४ तारीख वाचून त्या १४ च्या रात्री, जेवणखाण उरकून, वेळेच्या चार तास आधी मुंबईच्या विमानतळावर हजर झाल्या. दारावरच्या माणसाने तिकीट पाहून सांगितले, की हे विमान काल रात्रीच गेले. नातवासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा पांढऱ्या कापडात शिवून त्यांनी हातात धरला होता आणि तो मांडीवर घेऊन त्या पहाटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होत्या. चूक त्यांची म्हणवत नाही. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे त्यांना माहीत होते, पण रात्र म्हटली की ती त्या दिवसाचीच, असे मानण्याची आपल्याकडची जुनी सवय आहे. घरातल्या दिनदर्शिकेवर आपण १४ ऐवजी १३ च्या चौकटीत ‘रात्री विमान’ असे लिहून ठेवा.

परभणीहून देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जायचे तर दहा-बारा तास धरावे लागतात आणि गाडी सकाळी पोचते. म्हणजे आपण १२ तारखेच्या रात्री घर सोडायचे, १३ चा दिवस मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे विसावा घ्यायचा आणि रात्री विमानतळ गाठायचे. १२ ला रात्री दहाला निघालात असे धरले, तर न्यूयॉर्कला उतरेपर्यंत साडेत्रेचाळीस तास होतात आणि त्यांपैकी विमानातले तास फक्त सोळा. मराठवाड्यातल्या माणसाने परदेशी प्रवासाचा हिशेब घराच्या उंबरठ्यापासूनच करावा. त्याच दिवशी सकाळी पोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर दुपारचे आंतरराष्ट्रीय विमान ठेवू नये, हे मी प्रत्येकाला सांगत असतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई हवाई अंतराने २८० किलोमीटरच आहे आणि विमानाने तासाभरात होते, पण आतील उड्डाण मुंबईच्या कोणत्या टर्मिनलला उतरते आणि परदेशी विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते, हे आधी पाहावे. दोन्ही टर्मिनले एका आवारात नाहीत, मधला रस्ता शहराच्या गर्दीतून जातो. नवी मुंबईच्या नव्या विमानतळामुळे तर तिकिटावरच्या ‘मुंबई’ या शब्दापुढचे विमानतळाचे नावही वाचणे गरजेचे झाले आहे.

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. दोन विमानतळांमधले हवाई अंतर इंटरनेट न वापरता वहीवर काढता येते का?
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : नक्की येते, आणि तुझ्या अभ्यासक्रमातली त्रिकोणमिती त्याला पुरते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि त्यांच्या रेखांशांतला फरक एवढीच माहिती लागते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार कर. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा गुणाकार कर. या दोन गुणाकारांची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी त्या दोन ठिकाणांमध्ये होणाऱ्या कोनाचा कोसाइन. तो कोन अंशांत काढून १११.२ ने गुणलास की किलोमीटर मिळतात, कारण पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटरचा परीघ ३६० अंशांत वाटला तर एका अंशाला साधारण तेवढे येतात.

वरच्याच उदाहरणावर करून पाहू. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे, न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम येथे. एक रेखांश पूर्व आणि दुसरे पश्चिम असल्याने फरक काढताना त्यांची बेरीज करायची, ती १४६.६५ अंश येते. बहुतेक विद्यार्थी याच पायरीवर वजाबाकी करून फसतात. पहिला गुणाकार ०.२१३ येतो आणि दुसरा उणे ०.५९९, कारण ९० अंशांपुढच्या कोनाचा कोसाइन ऋण असतो. बेरीज उणे ०.३८६. तिचा कोन ११२.७ अंश, आणि १११.२ ने गुणल्यावर सुमारे १२,५३० किलोमीटर. उत्तर ऋण आले म्हणून घाबरू नकोस. याचा अर्थ एवढाच, की ती दोन ठिकाणे एकमेकांपासून पृथ्वीच्या पाव परिघापेक्षा जास्त दूर आहेत.

संगणकाचे उत्तर तुझ्या उत्तरापेक्षा काही किलोमीटरने वेगळे येईल. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे, आणि संगणक तो चपटेपणा हिशेबात धरतो. ठिकाणे जवळची असतील तर एवढाही खटाटोप लागत नाही. नांदेडचे विमानतळ १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व आणि अमृतसरचे ३१.७१ उत्तर, ७४.८० पूर्व. अक्षांशांतल्या फरकाला १११.२ ने गुण, रेखांशांतल्या फरकाला १११.२ ने आणि शिवाय मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुण, आणि मग पायथागोरस लाव. उत्तर १,४१५ किलोमीटरच्या आसपास आले पाहिजे. हीच दोन शहरे जोडणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावते.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांना गुडघेदुखी आणि मधुमेह आहे व ते इन्शुलिन घेतात. त्यांना न्यूयॉर्कला बहिणीकडे पाठवायचे आहे. दुबईमार्गे तिकीट स्वस्त आहे, पण तो रस्ता फार लांबचा पडेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : अंतराने तो रस्ता मुळीच लांबचा नाही. मुंबई ते दुबई सुमारे १,९२५ आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त, जे विमानाला अर्ध्या तासाचे काम आहे. वेळ वाढतो तो दुबईतल्या थांब्यामुळे. पहिल्या उड्डाणाचे तीन तास, मधले चार तास आणि पुढचे चौदा तास धरले, तर एकूण एकवीस तास होतात. थांबा दोन तासांहून कमी असेल तर मला तो या वयाच्या माणसासाठी धोक्याचा वाटतो, कारण पहिले विमान उशिरा आले की दुखऱ्या गुडघ्यांनी लांबच लांब वाटा पळत पार करणे त्यांना जमणार नाही. चार-पाच तासांचा थांबा मात्र त्यांना सलग सोळा तास बसण्यापेक्षा सुखाचा होऊ शकतो, पाय मोकळे करता येतात. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी नोंदवा आणि ती दोन्ही उड्डाणांसाठी नोंदली गेल्याची खात्री करा.

इन्शुलिनची वेळ हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. पश्चिमेकडे जाताना त्यांचा तो दिवस साडेतेहतीस तासांचा (हिवाळ्यात साडेचौतीस) होणार आहे, त्यामुळे ‘सकाळी एक आणि रात्री एक’ हा नेहमीचा नेम त्या दिवशी तसाच चालत नाही. दोन्ही तिकिटांच्या वेळा भारतीय घड्याळात उतरवून घ्या, त्यांसमोर जेवणाच्या वेळा मांडा आणि तो कागद घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा. डोस किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच त्या कागदावर लिहून द्यावे. इन्शुलिन आणि औषधाची चिठ्ठी वडिलांच्या हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत इन्शुलिन कधीही टाकू नये, तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते.